हाकेच्या अंतरावरची राजधानी

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात फुलंब्री येथे एका निवृत्त शिक्षकाने पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)





शैक्षणिक सहलींविषयी चार शब्द बोलावेत, असा संस्थेचा आग्रह झाला. मी इतिहास शिकवण्यात आयुष्य घालवले, म्हणून हा विषय मजकडे आला असावा. परंतु या विषयात माझ्या हातून एक चूकही घडली आहे. ती मी शेवटी सांगणार आहे, कारण तिचा संबंध आपणा सर्वांशी आहे.

येथे बसलेल्यांपैकी घाटीचा दवाखाना ज्याने पाहिला नाही, असा माणूस विरळा. आजारपण आले की आपण हर्सूल ओलांडून, दिल्ली दरवाजाजवळून शहरात जातो. लग्नाचा बस्ता बांधायला जातो, कोर्टाच्या तारखेला जातो. घाटीत रुग्णाजवळ रात्र रात्र बसतो. पण तेथून पाणचक्की हाकेच्या अंतरावर आहे आणि थोडे पुढे बिबी का मकबरा आहे, तेथे किती जण गेले? परदेशातून माणसे हजारो रुपये खर्चून जे पाहावयास येतात, ते आपण एस. टी.च्या खिडकीतूनही धड पाहत नाही.

आपल्या गावाचे भाग्य असे की, येथून सकाळी निघावे, खुलताबाद व दौलताबाद करावे, शहरात यावे आणि दिवेलागणीस घरी परतावे. एका दिवसात सातआठशे वर्षांचा इतिहास पाहून होतो.

प्रथम दौलताबाद घ्या. त्याचे जुने नाव देवगिरी. यादव राजांची ही राजधानी. रामदेवराव यादवाच्या काळात, १२९० साली ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, आणि त्या ग्रंथात या राजाचा उल्लेख आहे. आपण घरी दख्खनी-उर्दू बोलत असू, पण शाळेत, बाजारात आणि आज या व्यासपीठावर जी मराठी बोलतो, ती या राजधानीच्या छायेत वाढली. म्हणून देवगिरी ही दुसऱ्या कोणाची, आणि दौलताबाद तेवढे आपले, अशी वाटणी विद्यार्थ्यांनी मनात करू नये. याच किल्ल्यावर पुढे निजामशाहीच्या चाकरीत असलेले जनार्दनस्वामी राहत, आणि संत एकनाथ महाराज त्यांचेच शिष्य, हेही ध्यानात ठेवावे.

१३२७ साली सुलतान मुहम्मद बिन तुघलकाने दिल्लीची राजधानी येथे आणली आणि दौलताबाद हे नाव दिले. शाळेत आपण त्याला लहरी राजा म्हणून मोकळे होतो. पण किल्ला पाहिला म्हणजे कळते की, जागा निवडण्यात त्याची चूक नव्हती. डोंगराचा कातळ तासून उभ्या भिंतीसारखा केलेला, भोवती खोल खंदक, आणि वर जाण्यास अंधारी नावाचा काळोखा, वळणावळणाचा एकच मार्ग. चूक झाली ती माणसांच्या बाबतीत. घरदार सोडण्याची ज्यांची इच्छा नव्हती, त्यांना शेकडो मैल चालविले, आणि काही वर्षांतच कारभार पुन्हा दिल्लीस गेला. योजना चांगली असली तरी लोकांचे मन त्यात नसेल तर ती तडीस जात नाही, हा धडा राजांना आहे तसा शिक्षणसंस्थांनाही आहे.

मात्र त्या स्थलांतराचे एक फळ टिकले. हजरत निजामुद्दीन औलिया यांचे शिष्य हजरत बुरहानुद्दीन गरीब व कवी अमीर हसन सिजजी ही मंडळी दख्खनेत आली. दोघेही खुलताबादेस विसावले आहेत. राजधानी गेली, दर्गे राहिले.

खुलताबादेतच एक कबर आहे, तिच्याकडे फार थोडे लोक वळतात. ती मलिक अंबरची. दूर हबशी मुलखात जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून अनेकदा विकला गेला. ना घराणे, ना वतन, ना पाठीशी कोणी. हिशेब, कारभार आणि युद्धकला शिकून तो निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६१० साली त्याने खडकी हे गाव वसवले. त्याच गावाचे पुढे फत्तेनगर, मग औरंगाबाद झाले, आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर हे नाव आहे. अंबरने डोंगरातील पाणी जमिनीखालून नळांनी शहरात आणले; त्या नहरीला आजही नहर-ए-अंबरी म्हणतात. "आमच्या घरात कोणी शिकलेले नाही, पोरगा काय करणार?" असे म्हणणाऱ्या प्रत्येक पालकाने या कबरीपाशी पाच मिनिटे उभे राहावे.

पाणचक्कीचीही तीच गोष्ट. बाबा शाह मुसाफिर यांच्या तकियाला सुमारे दोन कोसांवरून मातीच्या नळांनी पाणी आणले, ते उंचावरून हौदात सोडले आणि त्याच्या जोरावर जाते फिरवले. त्या पिठावर फकिरांची व वाटसरूंची भाकर होई. विज्ञानाच्या पुस्तकातला पाण्याच्या दाबाचा धडा तेथे डोळ्यांनी दिसतो.

आता एक प्रसंग सांगतो. एका वर्षी मी मुलांना घेऊन गेलो होतो. दौलताबादेस आमचा एक हुशार विद्यार्थी खिळ्याने भिंतीवर स्वतःचे नाव कोरू लागला. मी हात धरला, तेव्हा तो म्हणाला, "सर, इथं तर सगळ्यांनीच लिहिलंय." खरेच लिहिले होते. मी रागावलो नाही. संध्याकाळी मकबऱ्याच्या मुख्य दरवाजाशी त्याला उभे केले. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ साली वारली. तिची ही कबर. ताजमहालाशी तुलना करून लोक हिला नावे ठेवतात, कारण येथे संगमरवर थोडा आणि चुन्याचा गिलावा फार. पण दरवाजावरील लेखात दोन नावे आहेत : वास्तुकार अताउल्ला आणि स्थापत्याचे काम पाहणारे हंसपतराय. एक मुसलमान, एक हिंदू, दोघांची नावे एकाच दरवाजावर. मी त्याला म्हटले, "बेटा, यांनीही नाव लिहिलं, पण आधी इमारत बांधली." तो काही बोलला नाही. खिशातला खिळा मात्र त्याने माझ्या हातावर ठेवला.

आता माझी चूक. त्या सहलीस चाळीस मुले होती आणि मुली फक्त तीन. माझी स्वतःची मुलगी तेव्हा नववीत होती. इतिहासात ती वर्गात पहिली. तिने माझ्याकडे हट्ट केला, मी म्हणालो, "लोक काय म्हणतील? पुढच्या वर्षी पाहू." पुढचे वर्ष आले ते तिच्या लग्नाचे. परवा तिचा मुलगा धडा वाचताना तिला विचारत होता, "अम्मी, अंधारीत खरंच काही दिसत नाही का?" ती म्हणाली, "मला काय माहीत? नानांना विचार." तिच्या बोलण्यात राग नव्हता. त्यामुळेच मला ते अधिक लागले. दुसऱ्यांच्या मुलांना मी राजधानी दाखवली आणि माझ्या लेकीला पुस्तकातल्या चित्रावर ठेवले.

पालकहो, आपली काळजी मी समजतो. मीही बापच आहे. पण मुलींना घरी ठेवणे हा काळजीवरचा उपाय नाही. सहलीची व्यवस्था चांगली ठेवणे हा उपाय आहे. म्हणून संस्थेपुढे माझ्या तीन सूचना आहेत. मुलींबरोबर शिक्षिका असाव्यात आणि इच्छा असलेल्या मातांनाही जागा द्यावी, कारण त्यांनीही काही पाहिलेले नाही. ज्यांना भाडे परवडत नाही, त्यांचे भाडे संस्थेने गुपचूप भरावे, वर्गात नाव पुकारू नये. आणि मुलामुलींनी आधी धडा वाचून, वही घेऊन निघावे. परत आल्यावर पाहिलेल्या एका ठिकाणावर एक पान लिहावे.

गरीब मुलांच्या भाड्यासाठी माझ्या निवृत्तिवेतनातून पहिली रक्कम मी आज चिटणीस साहेबांकडे देत आहे. या वर्षीच्या सहलीत माझी मुलगी माता म्हणून येणार आहे. अंधारीत शिरताना तिचा मुलगा तिचा हात धरील, आणि मी, गुडघे साथ देतील तिथपर्यंत, मागून चालेन. आपणही आपल्या लेकींची नावे द्यावीत, एवढीच विनंती.