बॉनेटचें अस्तर काढावें कीं ठेवावें?

महाळुंगे म्हटलें कीं पुणेकरांच्या डोळ्यांपुढें बालेवाडीचें क्रीडासंकुल उभें राहतें. तें महाळुंगे निराळें. येथें अभिप्रेत आहे तें खेड तालुक्यांतील, तळेगांव-चाकण रस्त्यावरचें महाळुंगे इंगळे. कांद्याच्या बाजारासाठीं ओळखलें जाणारें चाकण गेल्या पंधरा-वीस वर्षांत मोटारींचें गांव झालें आहे. २००९ सालीं फोक्सवॅगनचा कारखाना ह्या पट्ट्यांत सुरू झाला आणि त्याच वर्षीं मर्सिडीझ-बेंझनेंही आपलें काम पिंपरीहून इकडे हलविलें. साहजिकच रस्त्याच्या कडेला गॅरेजेंही पुष्कळ झालीं. पावसाळा तोंडावर आला कीं गॅरेजांतून एक सल्ला हटकून मिळतो : “बॉनेटखालचा तो फोम काढून टाका, साहेब. पाणी धरतो, उंदीर घर करतात.”

सल्ला अगदींच निराधार नाहीं. बर्फावर धावणाऱ्या ज्या लहान गाड्या गुलमर्गला प्रवासी हौसेनें चालवितात, त्यांचे परदेशांतील मालकही हाच प्रश्न विचारीत असतात. तेथें वितळलेलें बर्फ फोमांत मुरतें, वजन वाढतें आणि यंत्राची उष्णता कोंडते. परंतु दोन-अडीचशें किलोच्या गाडीचा हिशेब हजार किलोंच्या मोटारीस लावणें बरोबर नव्हे. मोटारीच्या बॉनेटचें अस्तर फार तर एक-दोन किलो भरेल. तें काढून पेट्रोल वांचेल, ही आशा व्यर्थ आहे.

मुळांत हें अस्तर करतें काय? फोमाच्या असंख्य सूक्ष्म छिद्रांत ध्वनीच्या लहरी शिरल्या कीं आंतली हवा छिद्रांच्या भिंतींशीं घासते आणि ध्वनीची शक्ति किंचित् उष्णतेंत विरून जाते. मात्र थराची जाडी लहरीच्या लांबीशीं बरीच मिळतीजुळती असावी लागते. सेकंदाला हजार कंपनें होणाऱ्या स्वराची लहर हवेंत सुमारें ३४ सेंटिमीटर लांब असते. तेव्हां दीड-दोन सेंटिमीटरांचा फोम त्याहून उंच स्वरच चांगले गिळूं शकतो. डिझेल यंत्राची कर्कश टकटक तो बोथट करतो, पण खोल घरघर त्याला आवरत नाहीं. तिला जड पत्राच हवा. “फोम काढला, कांहीं फरक पडला नाहीं,” असें सांगणाऱ्याचें लक्ष बहुधा ह्या घरघरीकडेच असतें.

आतां पावसाची गोष्ट. ह्या बाबतींत सगळा फोम एका मापानें मोजतां येत नाहीं. खांबांच्या पोकळींत बसविलेला फोम पहिल्या रंगाच्या भट्टींत, उष्णतेनें फुगून जागच्या जागीं घट्ट होतो. त्याला हात लावूं नये. दाराच्या आंतील बाजूस प्लास्टिकचा पडदा असतो, तो आवाजासाठीं नव्हे, पाण्यासाठीं असतो. कांचेवरून ओघळणारें पाणी दारांत उतरणारच. तें खालच्या छिद्रांतून बाहेर जावें आणि गाडीच्या आंत येऊं नये, म्हणून तो पडदा. स्पीकर बसविणारे कारागीर तो निष्काळजीपणें फाडून टाकतात आणि जुलैंत पायांखालचा गालिचा ओला कां, ह्याचा शोध मग मालकानें घेत बसावें! खरा संशयास्पद फोम पुढच्या मडगार्डाच्या आंत, दाराजवळ असतो. चाकानें उडविलेला चिखल त्याच्या मागें सांचतो आणि तो तुकडा ओल्या बोळ्यासारखा महिनोन्‌महिने पत्र्याला चिकटून राहतो. कोंकणांत किंवा मुंबईच्या खाऱ्या वाऱ्यांत राहणाऱ्याची गाडी असेल तर तो तुकडा काढून पाहणें शहाणपणाचें.

बॉनेटचें अस्तर मात्र कोरडें आणि अखंड असेल तर राहूं द्यावें. उंदरांची तक्रार खरी आहे. पण अस्तर काढल्यानें उंदीर जात नाहींत. यंत्राची ऊब त्यांना पुरते आणि वायरींचें आवरण कुरतडणें ते सोडीत नाहींत. उपाय गाडी उभी करण्याच्या जागेचा आहे, अस्तराचा नव्हे. ह्याउलट अस्तर तेलानें माखलें असेल, त्याचा भुगा पडत असेल किंवा एक टोक लोंबून यंत्राच्या तापलेल्या भागाकडे झुकलें असेल, तर तें त्याच दिवशीं काढावें. तेल प्यालेला फोम म्हणजे यंत्रावर टांगलेला काकडा होय. येथें आवाजाचा विचार गौण ठरतो.

काढण्याची रीतही महत्त्वाची आहे. कारखान्यांत गाडीचा सांगाडा रंगाच्या हौदांत बुडवून, विजेच्या साह्यानें त्यावर गंजरोधक थर चढवितात आणि मग तो भट्टींत भाजतात. बॉनेटचें अस्तर त्यानंतर लावलें जातें. खिळीनें अडकविलेलें असल्यास खिळी सहज निघते. गोंदानें चिकटविलेलें असेल तर कारागीर स्क्रूड्रायव्हरनें खरवडूं लागतो आणि ज्या गंजाच्या भीतीनें अस्तर काढलें, त्याला स्वतःच वाट करून देतो. लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी वापरावी, उरलेला गोंद कोमट करून पुसावा, ओरखडा दिसल्यास प्रायमर लावावा. नवें अस्तर त्याच गाडीसाठीं बनविलेलें घ्यावें. गादीच्या दुकानांतला स्वस्त फोम तेथें लावूं नये, कारण यंत्राच्या सान्निध्यांत त्याचें काय होईल ह्याची ग्वाही कोणी दिलेली नसते.

हें सगळें मेच्या अखेरीस उरकावें. पाऊस सुरू झाल्यावर पत्रा पूर्ण कोरडा मिळत नाहीं आणि ओल्या पत्र्यावर गोंद धरत नाहीं.