स्वसंरक्षण आणि सैनिकी शिक्षण
(यवतमाळ येथील वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या मुलामुलींसाठी सैनिकी पद्धतीचे दहा दिवसांचे स्वसंरक्षण शिबिर भरवावे, अशी सूचना मंडळापुढे आहे. आर्णी, घाटंजीकडून एस. टी. ने शिकावयास येणाऱ्या मुलींचे पालक तीकडे मोठ्या आशेने पाहत आहेत. म्हणून चार शब्द स्पष्ट बोलणे आम्हांस अवश्य वाटते.

सैनिकी शिक्षणात पसारा नसतो, हा त्याचा मोठा गुण. शांघायच्या पोलीस दलात मुरलेल्या फेअरबर्न नामक इंग्रज अधिकाऱ्याने दुसऱ्या महायुद्धात कमांडोंना मोजकेच डाव शिकविले. हनुवटीखाली तळव्याचा तडाखा, गुडघ्याचा प्रहार, असे. भीतीने हातपाय कापू लागले की नाजूक पेच आठवत नाहीत, ठोकळ हालचालीच तेवढ्या साधतात.

परंतु सैनिकास शत्रू नष्ट करावयाचा असतो. आपल्या मुलीस सुखरूप घरी पोहोचावयाचे असते. सैनिकापाशी शस्त्र, सोबती आणि नित्याची कवाईत असते. दहा दिवसांत शिकलेला डाव दिवाळीपर्यंतही अंगात टिकत नाही. 1914 साली निघालेल्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखविले, ते काय शिबिराच्या बळावर? कायद्याचेही भान हवे. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेची कलमे 34 ते 44 आत्मरक्षणाचा हक्क देतात, पण आवश्यक तेवढीच इजा करण्यापुरता. पडलेल्यास तुडविणे रणांगणावर चालेल, बसस्थानकावर नव्हे.

आणखी एक नाजूक गोष्ट. भगिनींनी क्षमा करावी. त्रास देणारा बहुधा परका नसतो. पुतळ्यास ठोसे मारणारी मुलगी ओळखीच्या काकांस 'नको' म्हणताना अडखळते. कॅनडातील विद्यापीठांतील एका प्रयोगात विद्यार्थिनींना केवळ बारा तासांचे शिक्षण दिले. त्यात डावांपेक्षा धोका वेळीच ओळखण्यावर आणि परिचितास विरोध करण्यावर भर होता. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे पुढील वर्षभरात त्यांच्यात बलात्काराचे प्रमाण 5.2 टक्के, तर इतरांत 9.8 टक्के आढळले.

तेव्हा शिबिर दोनच दिवसांचे भरवावे आणि वाचलेल्या पैशातून वर्षभर दर रविवारी वर्ग चालवावा. मनगट सोडविणे, आरोळी ठोकणे, पळणे, 112 क्रमांकास कळविणे, एवढेच वारंवार घोटावे. पळण्यात कमीपणा कसला? त्यांपैकी एक रविवार मात्र पालकांसाठी राखावा. मुलीने एखाद्या आप्ताविरुद्ध तोंड उघडले असता ते घरातच दाबावयाचे नाही, हा पाठ आपणांस गिरवावयाचा आहे.