बुरशी विष कधी बनवते?



शिळ्या भाकरीवर बुरशी दिसली की आपण ती भाकरी टाकून देतो. कुठली बुरशी काय बनवते हे आपल्याला ठाऊक नसतं, तेव्हा टाकलेलीच बरी. पण ही बुरशीही सारं काही सदासर्वकाळ बनवत नाही, हे मला फार नवलाचं वाटतं.

बुरशी काही पदार्थ जगण्यासाठी बनवते. काही मात्र असे, की त्यांच्यावाचून तिची वाढ अडत नाही. शास्त्रज्ञ त्यांना दुय्यम पदार्थ म्हणतात. नाव दुय्यम, पण पेनिसिलिन त्यातलंच आणि शेंगदाण्यातलं अफ्लाटॉक्सिन हे विषही त्यातलंच. ते बनवायला शक्ती खर्ची पडते, म्हणून बुरशी वेळ पाहते.

पेनिसिलिनचंच घ्या. ग्लुकोज मुबलक असलं की बुरशी खाते, वाढते. औषध मात्र बेताचंच करते. १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या पिओरिया इथल्या प्रयोगशाळेत तिला सावकाश पचणारी दुधातली साखर आणि मका भिजवून उरलेलं दाट पाणी दिलं, तेव्हा पेनिसिलिन कितीतरी वाढलं.

बुरशीला उजेडही कळतो. ‘ॲस्परजिलस निड्युलन्स’ या बुरशीत ‘वेल्वेट’, म्हणजे मखमल, नावाचं एक प्रथिन आहे. अंधारात ते पेशीच्या केंद्रकात जमा होतं. तिथे आणखी दोन प्रथिनं त्याला मिळतात आणि दुय्यम पदार्थांची जनुकं जागी होतात. त्या तिघांची ही जोडणी २००८ मध्ये उलगडली. शेजाऱ्याची चाहूलही तिला लागते. जर्मनीतल्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं, की एका विशिष्ट जिवाणूचा प्रत्यक्ष स्पर्श झाल्यावर याच बुरशीची काही निद्रिस्त जनुकं जागी झाली. अशा निजलेल्या जनुकांत उद्याची औषधंही असू शकतील.

काय बोलावं याइतकंच केव्हा गप्प राहावं, हे कवीला शिकावं लागतं. बुरशीला ते उपजतच येतं.

पण तिचं हे गप्प राहणं आपल्या जिवाशीही निगडित आहे. १९७४ मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात अवकाळी पावसाने मका भिजला. गरिबांनी तोच खाल्ला आणि यकृताच्या विकाराने शंभराहून अधिक माणसं दगावली. अफ्लाटॉक्सिन करणारी बुरशी ३७ अंशांनाही जोमाने वाढते. पण विष अधिक करते ते ३० अंशांच्या आसपास. म्हणजे आपल्या कोठारातली ऊब तिला नेमकी मानवते. एकदा तयार झालेलं विष शिजवून किंवा भाजून पुरतं जात नाही.

म्हणून शेंगा आणि मका खडखडीत वाळवून मगच पोत्यात भरावा. पोतं ओल्या जमिनीवर ठेवू नये, फळीवर ठेवावं. बुरसटलेले, सुरकुतलेले दाणे निवडून टाकावेत आणि ते जनावरांनाही घालू नयेत. ओल नसली की बुरशी वाढत नाही, आणि वाढलीच नाही तर विष करणार कोण?