धाकाने डोळे मिटतात, झोप लागत नाही



“झोप गुपचूप, नाहीतर बिबट्या येईल!” बोरिवली, मुलुंड, आरे कॉलनी या आमच्या भागात हा धाक हमखास ऐकू येतो. तुमच्याकडे बिबट्याऐवजी बागुलबुवा असेल. अशा धाकाने मूल डोळे घट्ट मिटतं, पण कान टवकारून जागंच राहतं.

आमच्याकडचा बिबट्या तर खराच आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं, आणि त्याला लागूनच वस्त्या. तेव्हा “बिबट्या-बिबट्या काही नसतो” असं म्हणून भागत नाही. खरं ते सांगावं, पण दिवसाउजेडी. कचऱ्यामागे कुत्री येतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो. म्हणून कचरा दाराशी टाकायचा नाही. अंधार पडल्यावर मुलाला एकट्याने बाहेर सोडायचं नाही, शौचालाही नाही. मोठं माणूस आणि बॅटरी सोबत हवीच. बिबट्या दिसला तर गर्दी न करता वनखात्याला १९२६ वर फोन करायचा. आरेतल्या वारली पाड्यांवर वाघोबाला देव मानतात. सावध राहावं, पण धसका घेऊ नये, हे मुलांना असंच शिकवता येतं.

रात्री मात्र ही चर्चा नको. “कडी लावली आहे, आम्ही इथेच आहोत,” एवढंच सांगा. कडी मुलालाच तपासू द्या.

तीन ते सहा वर्षांच्या वयात कल्पना धावू लागते. दोरीवरचा सदरा माणूस वाटतो. हसू नका, रागावू नका. दिवा लावून सदरा दाखवा आणि तो काढून ठेवा.

आता एकट्याने झोपणं. एका खोलीच्या घरात वेगळी खोली कुठून आणायची? आपला हात न धरता मुलाला झोप लागली, तरी पुष्कळ झालं. पहिले तीन-चार दिवस अंथरुणाजवळ बसा, मग हातभर लांब, मग ओट्यापाशी. “भांडी विसळून येते” म्हटलं, तर खरंच परत या. त्या शब्दावर मूल निवांत होतं. जेवण, पाय धुणं, गोष्ट, बारीक दिवा हा क्रम रोज तोच ठेवा. झोपेआधी तासभर टीव्ही-मोबाइल बंद. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून १० ते १३ तास झोप लागते.

झोपल्यावर थोड्या वेळाने मूल किंचाळलं आणि आपल्याला ओळखत नसेल, तर गदगदा हलवू नका. जवळ बसा, ते आपोआप शांत होईल. वारंवार झालं तर डॉक्टरांना दाखवा. मात्र नीट झोपणारं मूल अचानक घाबरू लागलं, तर कोणी मारतं का, कोणी त्रास देतं का, हे मायेने विचारा. त्याचं ऐका, आणि त्यावर विश्वास ठेवा.

आज रात्री धाक नको. एक गोष्ट सांगा.