इंग्रजी साहित्य शिकून काय होणार?
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही काही प्राध्यापक नाही. आयुष्य साच्यावर उभं राहून गेलं आणि जे काही वाचलं ते पाळी सुटल्यावर. तरीही आज बोलायला उभे आहोत, कारण विषय आपल्या घराघरांतला आहे. मुलगी बारावी झाली की म्हणते, इंग्रजी साहित्य घेऊन बी. ए. करते. लगेच प्रश्न येतो, साहित्याने पोट भरतं का? नर्सिंग कर, कॉम्प्युटर कर, गेला बाजार डी. एड. कर. असं विचारणाऱ्या आईबापांना आम्ही नावं ठेवणार नाही. ज्याच्या घरी महिनाअखेरीला डबे रिकामे होतात त्याला हिशेब करावाच लागतो. पण नाही म्हणायच्या आधी अमेरिकेतल्या एका काळ्या कामगाराच्या मुलीची हकीकत ऐका. टोनी मॉरिसन तिचं नाव.

ओहायो राज्यातल्या लोरेन या पोलादाच्या गावात १९३१ साली ती जन्मली. बाप वेल्डर, एका वेळी दोन-दोन तीन-तीन कामं करणारा. ती दोनेक वर्षांची असताना महिन्याचं चार डॉलर भाडं थकलं, म्हणून घरमालकाने माणसं आत असताना घराला आग लावली. आपल्यातल्या म्हाताऱ्या माणसांना हे ऐकून गावाकडची आठवण होईल. या बापाची एक गोष्ट ती पुढे सांगत असे. जहाजाच्या कामात एखादा सांधा अगदी मनासारखा जमला की तो त्यावर आपलं नाव घालायचा. मुलगी म्हणाली, ते कुणाला दिसणार? त्याचं म्हणणं, मला ठाऊक आहे ना! बिनडागी कापड उतरवणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

१९४९ साली ती वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात गेली. गुलामगिरी संपल्यावर दोनच वर्षांनी, १८६७ साली निघालेलं हे विद्यापीठ मुख्यतः काळ्या विद्यार्थ्यांचं. विषय घेतला इंग्रजी साहित्य. आईने कमीपणा वाटावा अशी कामं धरली, पण मुलीला नेमाने पैसे पाठवले. साहित्य हे श्रीमंतांच्या पोरांचं काम, असं त्या घराने मानलं नाही.

आणि तिथे तिला काय दिसलं? शेक्सपिअरच्या नाटकांतल्या काळ्या पात्रांवर निबंध लिहू का, असं तिने विचारलं, तर प्राध्यापकांना ते रुचलं नाही. काळ्यांच्या विद्यापीठात ही तऱ्हा! आमच्या मते साहित्य शिकायचं ते इथपासून. दुसऱ्याने लिहिलेलं नीट वाचायचं, त्यात आपला माणूस कुठे आहे ते शोधायचं, नसेल तर का नाही ते विचारायचं. पुढे तिने कॉर्नेल विद्यापीठात व्हर्जिनिया वूल्फ आणि विल्यम फॉकनर या दोन गोऱ्या लेखकांवर प्रबंध लिहून १९५५ साली एम. ए. केलं. परक्यांचं आहे म्हणून टाकून दिलं नाही, हे ध्यानात घ्या.

मग ती हॉवर्डमध्येच शिकवू लागली. तिच्या विद्यार्थ्यांत स्टोकली कार्मायकल होता, ज्याने १९६६ साली ‘ब्लॅक पॉवर’ची घोषणा गाजवली. त्याच साली निघालेल्या ब्लॅक पँथरच्या नावावरून १९७२ साली आपल्या मुंबईत दलित पँथर उभी राहिली. सांगायचं काय, साहित्याचे वर्ग अगदीच निरुपद्रवी नसतात!

तिथे लिहिणाऱ्यांची एक छोटी मंडळी जमत असे. येताना काहीतरी लिहून आणायचं. जुना साठा संपला तेव्हा तिने एक नवी गोष्ट लिहिली. एका काळ्या मुलीला वाटतं, आपले डोळे निळे असते तर! पुढे नवरा-बायको वेगळे झाले, पदरात दोन मुलगे. प्रकाशनसंस्थेत संपादकाची नोकरी धरली आणि त्या गोष्टीची कादंबरी केली. ‘द ब्लूएस्ट आय’ १९७० साली निघाली तेव्हा बाई एकोणचाळीस वर्षांची होती. कथा घडते लोरेनमध्येच. गोरं व्हायची क्रीम ज्या घरात आणली जाते, त्या घरात हे पुस्तक जरूर वाचावं. १९९३ साली तिला नोबेल मिळालं. काळ्या स्त्रीला ते पहिल्यांदाच. २०१९ साली ती वारली.

आता पोटाचं. तिचं घर कैक वर्षं शिकवण्यावर आणि संपादनावर चाललं, कादंबऱ्यांवर नव्हे. आपल्याकडेही बी. ए.वर काम दारात चालून येईल असं आम्ही म्हणणार नाही. एम. ए., नेट-सेट करावं लागेल, नाहीतर भाषांतर, वर्तमानपत्र, प्रकाशन, शिकवण्या अशी वाट धरावी लागेल. नर्सिंगपेक्षा ही वाट लांबची, हे मुलीनेही आधी समजून घ्यावं. पण बाबासाहेबांचं ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ मूळ इंग्रजीत आहे. ते मुळातून वाचून आईला मराठीत समजावणारी मुलगी घरात असणं, याची किंमत पगाराच्या चिठ्ठीत दिसत नाही.

भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती बी. ए.लाही असते. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा, ऐनवेळी धावपळ होते. फॉर्म भरायला अडचण आली तर रविवारी वंदनेनंतर आम्ही इथेच बसतो. मुलीबरोबर आईबापांनीही यावं. प्रश्न त्यांचे आहेत.

एवढं बोलून थांबतो. जयभीम.