बाबांसाठी एक वाटी चहा

आज मी तुम्हाला चहा कसा करायचा ते सांगणार आहे. हसू नका. चहा तुम्हा सगळ्यांनाच येतो, पण हा चहा गेलेल्या माणसासाठी करायचा असतो.

नोकरीच्या निमित्ताने मी दोन वर्षं जपानमध्ये, क्योतोला होते. तिथे आठवड्यातून एकदा चहाच्या शिकवणीला जायचे. जपानी लोक या विद्येला चानोयू म्हणतात. शब्दाचा अर्थ अगदी साधा आहे, चहासाठी गरम पाणी. या विद्येला आजचं रूप ज्यांनी दिलं ते सेन नो रिक्यू. 1591 साली तोयोतोमी हिदेयोशी या सत्ताधीशाच्या हुकमावरून त्यांना स्वतःचा प्राण द्यावा लागला. आजही क्योतोतली त्यांच्या वंशजांची घराणी दरवर्षी मार्चच्या शेवटी त्यांची पुण्यतिथी पाळतात. त्यांच्या चित्रासमोर मोहरीच्या जातीची पिवळी फुलं ठेवतात आणि पहिला चहा त्यांना देतात. जमलेल्यांचा चहा त्यानंतर.

रिक्यूंची एक वस्तू नागोयाच्या तोकुगावा कलासंग्रहालयात आहे. चहाची पूड काढायचा बांबूचा लहानसा चमचा. अखेरच्या दिवसांत त्यांनी तो स्वतः कोरला आणि फुरुता ओरिबे या शिष्याला दिला. ओरिबेंनी त्याच्यासाठी एक नळी करून घेतली आणि तिला खिडकी पाडली. त्या खिडकीतून दिसणाऱ्या चमच्यालाच गुरूंच्या स्मृतीची पाटी मानून ते नमस्कार करत, असं सांगतात. चमच्याचं नाव 'नामिदा', म्हणजे अश्रू.

ही गोष्ट मी शिकवणीत ऐकली तेव्हा इंदूरला आमचे बाबा आजारी होते. दादा आणि आई त्यांचं सगळं करत होते. मी फोनवर होते. बाबा गेले आणि मी घरी पोहोचले ती पाचव्या दिवशी. दादा एकच वाक्य बोलला, "आलीस? बरं." त्यानंतर वर्षभर आमचं बोलणं कामापुरतंच होतं.

वर्षश्राद्ध दादाने रीतीप्रमाणे केलं. नंतरच्या रविवारी मी आईला विचारलं, "बाबांसाठी चहा करू का, तिकडच्यासारखा?" आई म्हणाली, "दूध-साखर नसलेला? त्यांनी तोंड वाकडं केलं असतं. पण कर."

आता कृती सांगते. जपानी चटई लागत नाही, आमच्याकडे सतरंजी होती. पाहुणे तीनच बोलवा. आमच्याकडे आई, दादा आणि आत्या होत्या. जपानी चहाच्या खोलीत भिंतीवर एक लेखपट्टी टांगलेली असते आणि पाहुणे आत आल्यावर आधी तिला वाकून नमस्कार करतात. मी तिथे बाबांचं जुनं अंतर्देशीय पत्र लावलं. मजकूर एवढाच, 'पाऊस बरा आहे. गव्हाचे भाव चढले. काळजी नसावी.' खाली एक फूल. फोटो बाजूच्या पाटावर.

चहाची हिरवी पूड, माच्चा, साधारण दोन ग्रॅम घ्या आणि आधी चाळून घ्या, नाहीतर गुठळ्या होतात. पाणी उकळून थोडं निवू द्या, ऐंशी अंशांच्या आसपास. सत्तर मिलिलिटर पुरे. बांबूचा घुसळणा आधी कोमट पाण्यात भिजवा. आपल्या रवीसारखा गोल फिरवायचा नाही, मनगटाने पुढे-मागे भराभर हलवायचा. फेस आला की झालं. चहाच्या आधी गोड खायचं असतं. आम्ही नारळाची वडी ठेवली, बाबांच्या आवडीची.

पहिली वाटी केली आणि फोटोसमोर ठेवली. कुणी काही बोललं नाही. किटलीतलं पाणी तेवढं वाजत होतं.

दुसरी वाटी मुख्य पाहुण्याची. मी दादाला तिथे बसवलं होतं. मुख्य पाहुण्यावर एक जबाबदारी असते, यजमानाला प्रश्न विचारायची. ही वाटी कुठली, चमच्याचं नाव काय, असे ठरलेले प्रश्न असतात. मी आधी तिघांना ते समजावून सांगितलं होतं. दादा हसला नव्हता, पण नाहीही म्हणाला नव्हता.

चहा पिऊन झाल्यावर त्याने विचारलं, "या चमच्याचं नाव काय?"

बांबूचा चमचा माझ्याकडे होता. तरी मी त्या दिवशी स्टीलचा एक छोटा चमचा वापरला होता, काठाला वाकलेला. बाबांच्या औषधाचा. दादाने तो ओळखला होता.

मी म्हटलं, "मला कसं ठाऊक असणार? मी नव्हते. तू ठेव नाव."

तो बराच वेळ चमच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "साडेनऊ."

"म्हणजे?"

"रात्री साडेनऊला द्यायचो. दात आवळून धरायचे. एकदा चावले, म्हणून हा असा वाकलाय."

आत्या हसायला लागल्या, मग आई. आणि दादा सांगत गेला. शेवटचे तीन महिने कसे गेले, बाबा कुणाला हाका मारत होते, कोणत्या रात्री त्याला स्वतःला रडू आलं. वर्षभरात त्याने हे कुणाला सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. विचारायचा मला हक्क नाही असं वाटायचं. त्या दिवशी विचारायचं काम त्याचं होतं, म्हणून आम्हाला सुरुवात करता आली.

आमचं सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही. मी तेव्हा तिथे नव्हते, हे कुठल्याही चहाने बदलत नाही. पण आता तो फोन करतो.

तुम्हाला माच्चा मिळाला नाही तर नेहमीचा आल्याचा चहा करा. तीन गोष्टी मात्र सोडू नका. पहिला कप गेलेल्या माणसाला द्या. त्याच्या हातचं अक्षर किंवा त्याची वापरातली वस्तू समोर ठेवा. आणि ज्याने त्याचं सगळं केलं, त्याला मुख्य पाहुणा करा.

फोटोसमोरची वाटी संध्याकाळी आईने मोगऱ्याच्या कुंडीत ओतली. वरून म्हणाली, "पुढच्या वेळी त्यांच्या वाटीत साखर घाल."