कोरियाला निघण्याआधी
(पेण-रोह्याच्या तरुणांसमोर केलेले भाषण)

आखातात आपला कुणीतरी मामू, कुणीतरी खालू असतोच. कोरियात तसं कुणी भेटेलच असं नाही, म्हणून तयारी इथूनच करायची.

आधी पैशाचं बोलतो. कारखान्यातल्या कामगारांसाठी कोरियाची ईपीएस योजना 2004 पासून आहे. तिच्यात नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका आहेत, भारत नाही. 'ईपीएसवर पाठवतो' म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपया देऊ नका. शिक्षणाचे आणि कुशल नोकरीचे व्हिसा वेगळे असतात.

मग हंगुल लिपी शिका. राजा सेजोंगने ती 1446 मध्ये जाहीर केली. आज तिची मूळ अक्षरं 24. मन लावलं तर थोड्या दिवसांत वाचता येते. कोरियन सिरियल बघून शब्द कानावर पडतात, पण पाकिटावरचं वाचता येत नाही. 'त्वेजी' म्हणजे डुक्कर. तो शब्द लिहिलेला ओळखता आला नाही, तर नूडल्सच्या पाकिटातही फसाल. भात आणि सुकी मासळी मात्र तिथेही आहे. भाताला ते 'पाप' म्हणतात, हसू नका! 'जेवलात का?' ही त्यांचीही विचारपूस.

कामानंतर साहेबासोबत जेवण होतं, दारू ओतली जाते. मोठ्यांकडून पेला दोन्ही हातांनी घ्यायची रीत आहे. तुम्हीही तसाच धरा, पण पाणी मागा. जुम्मा तिथे कामाचा दिवस. नमाजच्या वेळेचं सही करण्याआधीच विचारा. सोलची मोठी मशीद इतेवॉनला आहे, 1976 ची.

आणि आपल्याच माणगाव तालुक्यात, विळे-भागाडला पॉस्को ही कोरियन पोलाद कंपनी आहे. तिथे काम केलेला कुणी ओळखीचा असेल, तर या रविवारी त्याच्याकडे जाऊन बसा.